बंद पिशवीतला गुलाब

किल्लीवाल्यांच्या घराण्यात कुलपाशी कुणी कधी वरच्या पट्टीत बोललं नाही. आजोबा म्हणे कुलपाजवळ तोंड नेऊन नुसते खाकरायचे, की ते लाजून आपोआप उघडायचं. वडिलांनी एकदा बँकेची तिजोरी शिंकून उघडली. मॅनेजरनं आधी त्यांना चहा पाजला आणि मग पोलिसांना फोन केला. यातलं किती खरं धरायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. एवढं मात्र खरं, की त्या गल्लीत दार अडकलं की माणसं आधी किल्लीवाल्यांकडे धावायची आणि मग देवाकडे.

वडील गेले आणि दुकान दोन भावांवर आलं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. दोघं एकदम आत शिरले की एकाला श्वास सोडायला रस्त्यावर यावं लागे. थोरला आत बसून किल्ल्या कापायचा आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. धाकटा हत्यारांची कातडी पिशवी खांद्याला लावून घरोघर दारं उघडत हिंडायचा. पिशवीला वडिलांच्या वेळचं पितळी कुलूप होतं आणि त्याची किल्ली धाकट्याच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. ज्याची स्वतःची पिशवी उघडी, त्या किल्लीवाल्याला घरात कोण घेणार?

समोरच्या फुटपाथवर चष्म्यांचं दुकान होतं. चष्मेवाली मुलगी हुशार, नाकासमोर चालणारी, पण शटरच्या किल्ल्या हरवायचा तिला भारी नाद. तिनं इतक्या किल्ल्या हरवल्या, की गल्लीतल्या गटाराचं पाणी लोखंडी चवीचं झालं असं म्हणत. दर वेळी धाकटा जायचा, शटर उघडून द्यायचा आणि कान लाल करून परत यायचा. आई हे सगळं खिडकीतून बघायची आणि हातातली सुई हवेतच राहायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका सकाळी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरून बोलावणं आलं. शिंप्याच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या. म्हातारा दार उघडत नव्हता. धाकट्यानं कुलूप काढलं. शेजारी डॉक्टरला आणायच्या निमित्तानं जिन्यातून खाली पांगले, तो एकटाच आत गेला. शिंपी पलंगावर पडून होता, डोळ्यांवर साय धरलेली. पावलं ऐकून म्हणाला, "फादर आलात?"

"नाही हो, किल्लीवाला," एवढं म्हणायला जीभ झिजत नाही. पण धाकट्याच्या तोंडून गेलं, "आलोय."

शिंप्यानं त्याचा हात धरला आणि पापं सांगायला लागला. मरणाऱ्या माणसाला मध्येच थांबवायचं कसं? साध्या माणसाची साधी पापं ती. एकदा बायकोवर हात उचललेला. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं आणि भाऊ तसाच मेला. सगळं सांगून झालं आणि शिंपी वाट बघत राहिला. क्षमेचे शब्द धाकट्याला तोंडपाठ होते, रविवारची पूजा कधी चुकवलेली नव्हती. पण ते शब्द म्हणायचा हक्क फादरचा. किल्लीवाल्यानं म्हटले तर नुसती वाफ. तो गप्प बसला. शिंपी वाट बघता बघताच गेला.

त्या दिवसापासून धाकट्याचं कामातलं लक्ष उडालं. साध्या कडीला अर्धा दिवस लावू लागला. शेवटी एका दुपारी तो चर्चमध्ये, वेदीमागच्या खोलीत, म्हाताऱ्या फादरसमोर जाऊन उभा राहिला.

"फादर, मला तुमच्यासारखं व्हायचंय."

"टकलू?"

"धर्मगुरू."

म्हातारा फादर खुर्चीतून इतका पटकन उठला, की त्याचा गुडघा मागेच राहिला. या चर्चमधून शेवटचा मुलगा सेमिनरीत, धर्मगुरूंच्या शाळेत, गेला तेव्हा फादरच्या डोक्यावर केस होते. पण माणूस मुरलेला, त्यानं आनंद गिळला आणि विचारलं, "का रे?" धाकट्यानं शिंप्याचं सांगितलं. फादर बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे बघ बाळा, खाज वेगळी आणि हाक वेगळी. खाज खाजवली की जाते. आधी विचारून घे देवाला."

"कसं विचारू?"

"गुलाबवाल्या संतिणीची नऊ दिवसांची प्रार्थना कर. होय असेल तर ती गुलाब पाठवते. आणि एक, कशासाठी करतोस ते कुणाला सांगायचं नाही."

ही रीत जुनी. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला मूल, कुणाला नुसतं होय किंवा नाही. नऊ दिवस मेणबत्ती, नऊ दिवस तोंड बंद, आणि मग डोळे उघडे ठेवून गुलाबाची वाट. धाकटा रोज संध्याकाळी संतिणीच्या पुतळ्यासमोर गुडघे टेकू लागला.

आता चर्च झाडायला होती त्याची आत्या. आत्या कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. पण नाक मात्र तिचं बारीक. तिसऱ्याच दिवशी तिनं भाच्याला गाठलं.

"काय मागितलंस?"

"गुलाब."

"ते कळलं. कशासाठी?"

"सांगायचं नसतं, आत्या."

"नको सांगू. जवान माणूस वेदीमागच्या खोलीत जाऊन येतो आणि मेणबत्त्या लावतो, त्याला काय उंदराचं औषध हवं असतं? आत्या झाडू मारते, गवत खात नाही." आणि ती थेट थोरल्याकडे गेली. त्याला सगळं सांगितलं. वहिनीला, म्हणजे धाकट्याच्या आईला, अर्धंच सांगितलं. कारण आई पोराला सेमिनरीत जाऊ देणार नाही याची तिला खात्री होती. "तुझ्या लेकानं गुलाब मागितलाय," ती म्हणाली. "कशासाठी ते विचारू नकोस. विचारलं की प्रार्थना फुकट जाते."

नववा दिवस उजाडला. धाकटा दुकान उघडायला गेला तर शटरच्या कडीत लाल गुलाब. तसाच चर्चमध्ये पळाला, तर त्याच्या नेहमीच्या बाकावर दुसरा गुलाब. दुपारी फादरच्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून निरोप आला. गेला, तर टेबलावर पेल्यात तिसरा. "कुणी ठेवला?" धाकट्यानं विचारलं. फादर छताकडे बघून म्हणाला, "बघ बुवा." संध्याकाळी एका घरचं काम करायला पिशवी उघडली. गळ्यातल्या किल्लीनं उघडली, कुलूप जसंच्या तसं होतं. आत पकडीवर, ओला, काटे काढलेला चौथा गुलाब.

त्या घरचं दार त्या दिवशी उघडलं नाही. धाकटा जिन्यात बसून रडत होता आणि घरमालकीण त्याला पाणी पाजत होती.

रात्री जेवताना त्यानं सांगितलं, "चार गुलाब आले. मी सेमिनरीत चाललो." थोरल्यानं पाठीवर थाप मारली. आत्यानं हात जोडले. आईनं तोंड उघडलं, मग मिटलं, मग उठून नळ बंद करायला गेली. नळ बंदच होता.

त्यानंतर चष्मेवालीची किल्ली कधी हरवली नाही. पुढच्या वर्षी ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली.

सेमिनरीत चार गुलाबांची गोष्ट लई चालली. पाहुणे आले, देणगी देणारे आले, नवी पोरं आली, की धाकट्याला पुढे करायचे: सांग रे तुझी गोष्ट. त्यानं ती इतक्या वेळा सांगितली, की शेवटी ती गोष्टच त्याला सांगू लागली. बंद पिशवीपाशी आला की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवायचे आणि धाकट्याचेही. शिंपी गोष्टीतून हळूहळू गळाला. गुलाबांपुढे बिचाऱ्या शिंप्याचं काय चालणार?

वर्षं गेली. धर्मगुरू व्हायच्या आधी एक पहिली दीक्षा असते. ती घेतली की लग्न नाही, माघार नाही. धाकट्याच्या तुकडीच्या दीक्षेची तारीख ठरली आणि तो सुट्टीवर घरी आला. जेवायला सगळे जमले. आत्या चढली होती, कारण होणाऱ्या फादरच्या आत्याला चर्चमध्ये पहिला बाक मिळतो.

"तुम्ही काहीही म्हणा," आत्या म्हणाली, "या घरात फादर आणला तो माझ्या एका गुलाबानं."

थोरला हसला. "तुझ्या? अगं आत्या, शटरला मी लावला तो आधी दिसला त्याला."

"तू लावलास? तो देवाचा होता!"

"देव काय सकाळी सकाळी मंडईत जातो? मी आणला. काटासुद्धा टोचला मला."

"मेल्या, म्हणजे तुला दुकान एकट्याला हवं होतं!"

"आणि तुला बाक!"

"मला वाटलं, माझा असला तर असू दे, शटरचा तर देवाचा आहे. मी आपला नुसता हातभार लावला!"

"मलाही तसंच वाटलं ना, बाकावरचा ऐकून!"

दोघं एकमेकांवर बोटं रोखून भांडत होते, आणि मग एकदम दोघांनाही आठवलं की ज्याच्यासाठी गुलाब ठेवले तो ताटावर बसलाय. धाकट्यानं घास खाली ठेवला, हात धुतले आणि फादरकडे गेला.

म्हातारा फादर आता फारच म्हातारा झाला होता. उठवायला दोन माणसं आणि बसवायला देव लागायचा. धाकट्यानं विचारलं, "पेल्यातला गुलाब कुणाचा होता, फादर?"

"माझ्या बागेतला," फादर ओशाळं हसला. "मरायच्या आधी एक तरी पोरगा वेदीवर बघावा असं वाटलं रे. जरा ढकललं तुला. बाकीचे तीन तर तिनं पाठवलेच ना?"

धाकट्यानं त्याला खरं सांगितलं नाही. मनातल्या मनात वजाबाकी केली. राहिला एक, बंद पिशवीतला. तो माणसाचा असूच शकत नाही. बुडणारा काडीला धरतो. यानं गुलाबाला धरलं, आणि सुट्टी अर्धी टाकून सेमिनरीत परतला.

रेक्टर तिथले मुख्य. वाळकं माणूस, शब्द मोजून मापून काढणारं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या घरी कुलपं कुणाकुणाला उघडता येतात?"

किल्लीवाल्याच्या घरात हा प्रश्न म्हणजे कोळ्याच्या घरात पोहता कुणाला येतं असं विचारणं. एवढ्या वर्षांत हजार लोकांना गोष्ट सांगितली, आणि हे धाकट्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"जा, विचारून ये," रेक्टर म्हणाले.

"आणि ती हो म्हणाली तर?"

"कोण ती?"

धाकट्यानं घरची वाट धरली.

आई खिडकीत शिवत बसली होती. समोर चष्म्यांच्या दुकानाच्या जागी आता कसलंसं मोबाइलचं दुकान होतं, तरी तिची बसायची जागा तीच.

"आई, पिशवीतला गुलाब तू ठेवलास?"

आईनं दातानं दोरा तोडला. "आंघोळीला जाताना तू किल्ली काढून ठेवायचास. पण किल्लीला मी हात नाही लावला. केसातली पिन पुरली. तुझ्या वडिलांचं कुलूप ते. आम्ही भांडलो की ते पिशवीला कुलूप लावून बसायचे आणि मी उघडून दाखवायची."

"का ठेवलास?"

"आत्या म्हणाली, गुलाब मागितलायस. कशासाठी ते विचारायचं नाही म्हणाली." तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. "मला वाटलं, दुसरं काय असणार? समोरची पोर. तू आपला मुखदुर्बळ, म्हणून देवाला विचारतोयस. म्हटलं, हो म्हणून टाकू. काटे काढले, तुझ्या बोटांना लागतील म्हणून."

धाकटा खाली बसला.

"मग मी सेमिनरीचं बोललो, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालास, चार आले. एक माझा, पण बाकी तीन देवाचे असतील ना, असं वाटलं. त्यानं तीनदा हो म्हटल्यावर माझ्या एकाचं काय चालणार? मी कोण त्याच्याशी भांडणारी?" तिनं सुई पुन्हा कापडात घातली, पण ती टोचली बोटात. "इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावून आहे. आणि त्यानं तर काही केलंच नव्हतं, होय रे?"

धाकट्यानं तिच्या बोटाचं रक्त स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि तो उठला.

रेक्टरनी दुसऱ्यांदाही सगळं ऐकून घेतलं. "फुलं जाऊ दे," ते म्हणाले. "फुलांवर माझा आधीही विश्वास नव्हता. फुलांच्या आधी काय होतं?"

धाकट्यानं शिंप्याचं सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच जाणवलं, की शिंप्याचा चेहरा आठवत नाही. हात आठवत होता, पण तोही सांगोवांगीचा वाटत होता, दुसऱ्याच कुणाच्या हातात धरलेला.

"ते अजून आहे?" रेक्टरनी विचारलं.

धाकट्यानं आत पाहिलं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसं. "माहीत नाही."

"माहीत नाही, हे घेऊन मी बिशपांसमोर जाऊ शकत नाही. बोलावलंय असं तुला वाटतं का, हो की नाही, ते मला विचारतात. तू नाही म्हणालास तर घरी. आणि इथून परत गेलेल्याला आम्ही पुन्हा घेत नाही, ते तुला ठाऊक आहे."

"तुम्हाला कळलं होतं, फादर? तुम्हालाच बोलावलंय असं?"

रेक्टरनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. "मला वाटतं, कुणीतरी हाक दुसऱ्याला मारली होती. मी जवळ होतो, म्हणून मी गेलो."

"आणि मग?"

"मग काय? काम करतोय."

धाकट्याला ते जमेना. खोटं 'आलोय' त्यानं आयुष्यात एकदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ उचलेना. त्यानं सामान बांधलं.

घरी परतल्यावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलंच. कोनाड्यात त्याच्या उभं राहायच्या जागी थोरल्यानं किल्ल्या कापायचं मशीन बसवलं होतं. "तू येणार नाहीस म्हणून घेतलं," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. आत्यानं आठवडाभर अबोला धरला. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अबोला, गल्लीतल्या कुत्र्यांनी झोप भरून काढली. म्हातारा फादर तर काही कळायच्या आतच गेला. पोरगा वेदीवर उभा राहणार या समजुतीत गेला, एवढं एक बरं झालं. दार अडकलं की लोक आता थोरल्याला बोलवायचे. अर्ध्या रस्त्यातून परतलेल्या माणसाला घरात घेताना त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. आई जेवायला वाढायची, समोर बसायची, आणि दोघं एकमेकांचं ताट भरलेलं आहे ना एवढंच बघायची. ती प्रार्थनेला जायची थांबली होती. राग नव्हता. रागवायला पलीकडे कुणी असावं लागतं.

तुकडीच्या दीक्षेचा दिवस आला. आत्याचे नवे कपडे शिवून पडले होते. "पहिला बाक नसेना, बघायला तर बसेन," ती म्हणाली. "तूही चल. तोंड लपवून कुणाचं भलं झालंय?" धाकटा गेला. मागून तिसऱ्या बाकावर, खांबाच्या आडोशाला दोघं बसली.

त्या विधीची सुरुवात फार साधी असते. उमेदवार आपापल्या घरच्यांत बसलेले असतात. एक जण पुढे उभा राहून नाव पुकारतो. ज्याचं नाव, तो उठतो, "हजर आहे" म्हणतो आणि चालत वेदीपाशी जातो.

पहिलं नाव पुकारलं. धाकट्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा, घोरणारा. "हजर आहे." दुसरं. हा गणितात कच्चा आणि गाण्यात पक्का. "हजर आहे." तिसरा उठताना अडखळला, माणसं हसली, तोही हसला. धाकट्याच्या छातीत काहीतरी हलायला लागलं. इतकी वर्षं गुलाबांनी जिथे दडपून ठेवलं होतं, तिथून ते वर येत होतं. खाज नव्हती ती. किंवा असेलही, हेवा असेल, पश्चात्ताप असेल, दुसऱ्याच्या ताटातलं गोड दिसतं तसलं काही असेल. ओळखायचं कसं, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

चौथं नाव झालं. पाचवं झालं. यादी तिथेच संपणार होती, हे त्याला माहीत होतं. पुकारणाऱ्यानं डोकं वर केलं आणि क्षणभर सगळं चर्च शांत राहिलं, जसं पुढचं नाव घेण्याआधी राहतं.

धाकटा उभा राहिला होता. केव्हा उठला ते त्याला कळलं नव्हतं. तोंड अर्धवट उघडं, 'हजर' ओठांवर आलेलं.

"अरे, काय करतोस!" आत्या म्हणाली. तिची कुजबुज ती, चर्चभर ऐकू गेली. पुढच्या बाकांवरची डोकी वळली. तिनं त्याचा शर्ट धरून खाली ओढलं. "बस खाली."

पुढे बिशपांनी बोलायला सुरुवात केली होती. धाकटा बसला.